झटका मशीनच्या बॅटरीला बसवलेला बीक्यू३४झेड१०० गेज बोर्ड

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. बॅटरीत किती टक्के चार्ज उरला आहे ते सांगणारा हा गेज बोर्ड चांगला आहे, पैसे वसूल होतात. पण डब्यातून काढला, बॅटरीला जोडला आणि टक्के दिसू लागले, अशी ही वस्तू नाही. आपल्या बॅटरीत कोणत्या केमिस्ट्रीचे, म्हणजे कोणत्या रसायनाचे, सेल आहेत हे या बोर्डाला सांगावं लागतं, आणि त्याला सांगायच्या आधी ते आपल्याला कळलेलं असावं लागतं. तेवढा खटाटोप करायची तयारी नसेल तर हा घेऊ नका. तुमच्यासाठी शेवटाकडं दुसरा पर्याय लिहिला आहे.

माझं दुरुस्तीचं दुकान केळापूर तालुक्यात, पांढरकवड्यापासून आत एका खेड्यात आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला, तेव्हापासून हेच काम. फवारणीचे बॅटरी पंप, सोलरचे दिवे, चार्जर, आणि अलीकडं सगळ्यात जास्त झटका मशीन. आमच्याकडं झटका मशीन ही चैन नाही. टिपेश्वरचं जंगल जवळ. हरभरा घाट्यावर आला की रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप उतरतात, तुरीत डुकरं शिरतात, आणि एका रात्रीत उभ्या पिकाचा सत्यानाश होतो. पूर्वी माणसं जागलीला जायची. आता वाघाच्या भीतीनं रात्री वावरात एकट्याला थांबायला घरचे सोडत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. कुंपणात थेट लाइन सोडणं हा गुन्हा. त्यात जनावरं मरतात तशी माणसंही मरतात. म्हणून मग बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, सेकंदा-सेकंदाला ठोका देणारं हे मशीन. जनावराला झटका बसतो, ते मागं फिरतं, मरत नाही. रात्रभर तार जिवंत राहिली तर पीक राहतं.

त्यामुळं संध्याकाळी वावरातून घरी निघताना माणसाला एकच गोष्ट माहीत हवी असते, की ही बॅटरी सकाळपर्यंत पुरेल का. नेमकं तेच बॅटरीवरचा दिवा सांगत नाही. "ताई, निघालो तवा हिरवा लाइट होता, अन् मधरात्री मशीन बंद. अर्धा हरभरा खाऊन गेले रोही." असं सांगत माणसं दुकानात येतात, तेव्हा त्यांच्या आवाजातला संताप मला समजतो. त्यांची काही चूक नसते. हिरवा दिवा फक्त व्होल्टेज पाहून लागतो. शिशाच्या बॅटरीत ते बरंचसं चालून जायचं, कारण बॅटरी उतरत गेली की व्होल्टेजही सोबत उतरायचं. आता बहुतेक मशीनसोबत लिथियम येते आणि त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्या फॉस्फेटच्या, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या असतात. फॉस्फेटचा सेल नव्वद टक्के भरलेला असो की तीस टक्के, त्याला आराम देऊन मोजला तर तो साधारण ३.३३ आणि ३.२६ व्होल्टच्या मध्येच कुठंतरी सापडतो. चार सेलच्या अख्ख्या बॅटरीत मिळून हा फरक पाव व्होल्टच्या आसपास. काळोख्या रात्री सपाट वावरात उभं राहिलं की धुरा किती लांब आहे ते कळत नाही, तसंच हे. शेवटचे काही टक्के राहिले की मात्र व्होल्टेज एकदम कोसळतं, आणि तोवर रात्रीचे दोन वाजलेले असतात.

गेज बोर्ड हे काम वेगळ्या रीतीनं करतो. यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू३४झेड१००-जी१ ही चिप आहे. बॅटरीच्या मायनस वायरमध्ये अगदी कमी ओहमचा एक रेझिस्टर बसवतात, त्याला शंट म्हणतात. त्यातून किती करंट गेला, किती परत आला याचा हिशेब चिप सतत ठेवते. जोडीला व्होल्टेज आणि तापमान मोजते. बॅटरी आराम करत असली की व्होल्टेजवरून आपला हिशेब ताडून घेते, आणि लोड असताना व्होल्टेज किती दबतं त्यावरून सेलचा आतला रोध शिकते. सेल जुना झाला, रोध वाढला, की टक्क्यांचा हिशेबही त्याप्रमाणं बदलते. कंपनी या पद्धतीला इम्पीडन्स ट्रॅक म्हणते. ३ ते ६५ व्होल्टपर्यंतची बॅटरी चालते, क्षमता २९ एएचपर्यंत (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) सरळ नोंदवता येते, आणि लिथियमसोबत शिशाच्या आणि निकेलच्या बॅटऱ्याही चालतात. आमच्या १२ एएचच्या पॅकला एवढं पुष्कळ झालं.

पण व्होल्टेजवरून हिशेब ताडायचा तर इतक्या व्होल्टला इतकी भरलेली, असा तक्ता चिपकडं हवा. तो तक्ता प्रत्येक केमिस्ट्रीचा वेगळा असतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं कितीतरी सेल स्वतः मोजून त्यांच्या तक्त्यांना नंबर दिले आहेत, त्याला केमिस्ट्री आयडी म्हणतात. चिप कारखान्यातून येते तेव्हा तिच्यात ४.२ व्होल्टपर्यंत भरणाऱ्या कोबाल्टच्या सेलचा तक्ता असतो. तो तसाच ठेवून फॉस्फेटची काठोकाठ भरलेली बॅटरी जोडली तर सेल असतो ३.३४ व्होल्टवर, आणि कोबाल्टच्या तक्त्यात ३.३४ म्हणजे जवळपास रिकामा. भरलेल्या बॅटरीवर बोर्ड शून्याच्या आसपासचा आकडा दाखवतो. एवढ्यावरून बोर्ड खराब आहे असं ठरवून परत पाठवू नका. त्याला तक्ता चुकीचा मिळाला आहे, एवढंच.

तर आधी सेल ओळखायचे. या भागावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाजारात मिळणाऱ्या पॅकवर "१२ व्होल्ट १२ एएच लिथियम" एवढंच छापलेलं असतं आणि त्यातून काहीही कळत नाही. बारा व्होल्टची म्हणून विकली जाणारी लिथियम बॅटरी दोन प्रकारची असू शकते. एक, निकेल-मँगनीज-कोबाल्टचे, म्हणजे एनएमसीचे तीन सेल एकापुढं एक: नावाला ११.१ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६. दुसरी, फॉस्फेटचे चार सेल: नावाला १२.८, चार्जर लागतो १४.६ चा. बाहेरून दोन्ही सारख्या, पीन सारखी, कधीकधी डबाही तोच. फॉस्फेटच्या बॅटरीला १२.६ चा चार्जर लावला तर प्रत्येक सेलला जेमतेम ३.१५ व्होल्ट मिळतात, म्हणजे बॅटरी भरतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी मेली. उलट केलं तर ते जिवावरचं आहे. तीन सेलच्या एनएमसीला १४.६ चा चार्जर लावला तर सेलमागं ४.८ व्होल्टच्या वर जातात, आणि मध्ये फक्त बॅटरीतल्या बीएमएसचा, म्हणजे जास्त चार्ज झाला की तोडणाऱ्या संरक्षक सर्किटचा, आधार उरतो. ते स्वस्तातलं बीएमएस निकामी असेल तर घरात आग. म्हणून मी केमिस्ट्रीबद्दल इतकी हट्टी आहे. टक्क्यांचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

पहिली खूण सेलवरची अक्षरं. पहिलं अक्षर आय असलं की लिथियम-आयन. दुसरं अक्षर केमिस्ट्रीचं: सी म्हणजे कोबाल्ट, एन निकेल, एम मँगनीज, एफ म्हणजे आयर्न फॉस्फेट. तिसरं आर म्हणजे गोल सेल. म्हणजे आयएफआर लिहिलेला सेल फॉस्फेटचा, आयएनआर निकेलवाला, आयसीआर कोबाल्टचा. पुढचे आकडे मापाचे: १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर उंच, ३२७०० म्हणजे ३२ जाड आणि ७० उंच. झटका मशीनच्या बॅटरीत जाडजूड ३२७०० दिसले तर बहुधा फॉस्फेटच असतात. पंपाच्या बॅटरीत बारीक १८६५० दिसले तर बहुधा निकेलचे. पण बहुधा या शब्दावर बॅटरी चार्ज करू नये.

कारण आवरण बदललेलं असू शकतं. माझ्याकडं आलेल्या एका पॅकमध्ये सेलचं निळं प्लास्टिक कडेनं जरा सुटलं होतं. ते ब्लेडनं हलक्या हातानं उभं चिरलं, तर आत दुसरं, पिवळट पडलेलं आवरण. वरच्यावर ठळक अक्षरात ६००० एमएएच. आतल्यावर आयएफआर ही अक्षरं अर्धी पुसलेली, आणि टोकाच्या पत्र्यावर जुन्या स्पॉट वेल्डिंगचे खड्डे. म्हणजे हे सेल आधी कुठल्यातरी दुसऱ्या पॅकमधून निघालेले, वरून नवा अंगरखा चढवून नव्या भावानं विकलेले. निदान केमिस्ट्री तरी वर आणि आत एकच निघाली; क्षमता मात्र मोजल्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपासही नव्हती. ज्या शेतकऱ्यानं ती बॅटरी घेतली त्यानं कपाशीच्या पैशातून घेतली होती. विकणाऱ्याचं नाव इथं लिहीत नाही, पण असा माल विकताना माणसाला समोरच्याच्या वावराची काळजी वाटायला हवी.

म्हणून दुसरी खूण, मीटरची. सेल काही वेळ तसाच ठेवून व्होल्टेज मोजा. ३.६ च्या वर स्थिर बसलेला सेल फॉस्फेटचा असूच शकत नाही, फॉस्फेट आराम करताना एवढ्या वर टिकत नाही. ३.२ ते ३.३५ च्या मध्ये सापडला तर पेच आहे: तो कमी-जास्त भरलेला फॉस्फेट असेल किंवा उतरलेला एनएमसी. अशा वेळी हलका लोड लावून बसा. उतरलेला एनएमसी थोड्याच वेळात ३ च्या खाली घसरायला लागतो. फॉस्फेट तासन्‌तास ३.२ च्या आसपास ठाण मांडतो. खात्री करायची तर बेंच सप्लायवर (व्होल्टेज आणि करंट आपण ठरवू शकतो असा टेबलावरचा पॉवर सप्लाय) व्होल्टेजची मर्यादा ३.६५ लावून, करंट कमी ठेवून चार्ज करा. दोन्ही केमिस्ट्रींना एवढं व्होल्टेज निर्धोक आहे. फॉस्फेट असला तर भरून करंट पडतो, आणि सप्लाय काढल्यावर व्होल्टेज काही तासांत ३.३५ च्या आसपास उतरून तिथं थांबतं. एनएमसी असला तर ३.६ च्या जवळ राहतो, कारण तो अजून अर्धाही भरलेला नसतो. मात्र २ व्होल्टच्याही खाली गेलेला सेल दिसला तर त्याच्यावर कुठलाही प्रयोग करू नका, तो बाजूला काढा.

इथपर्यंत घराणं कळतं. बोर्डाला मात्र नेमका आयडी हवा असतो, कारण फॉस्फेटमध्येही वेगवेगळ्या कारखान्यांचे सेल थोडे वेगळे वागतात, आणि एनएमसीत तर आणखी. आपल्या सेलचं नाव टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या यादीत सापडलं तर काम सोपं. आमच्या भागात येणाऱ्या सेलवर कधी नाव असतं, कधी नसतं, आणि असलेल्या नावाचं काय ते वर सांगितलंच. तेव्हा त्यांनी दिलेली चाचणी करायची. सेल पूर्ण भरायचा, दोन तास आराम. मग क्षमतेच्या दहाव्या भागाइतक्या करंटनं, म्हणजे ६ एएचच्या सेलला ६०० मिलिअँपिअरनं, शेवटच्या व्होल्टेजपर्यंत उतरवायचा. मग पाच तास आराम. या सगळ्या वेळात वेळ, व्होल्टेज, करंट आणि तापमान यांची नोंद संगणकावर चालू ठेवायची. ती फाइल त्यांच्या साइटवर चढवली की ईमेलनं अहवाल येतो: जुळणारे आयडी आणि प्रत्येकासमोर जास्तीत जास्त किती टक्क्यांचा फरक. ३ टक्क्यांच्या आत असलेला आयडी घ्यावा. या सेवेला पैसे लागत नाहीत, आणि मला या सगळ्या खरेदीत सगळ्यात मोलाची वाटली ती हीच. नाव नसलेला, गाव नसलेला सेल आपल्या टेबलावर मोजून त्याचा आयडी मिळतो. फाइलची नावं आणि रकान्यांचा क्रम मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणं जसाच्या तसा हवा, नाहीतर अहवालाऐवजी चूक दाखवणारा ईमेल येतो.

चाचणीतला शेवटचा पाच तासांचा आराम घाईत कापू नका. लोड तोडल्यावर उतरलेला सेल हळूहळू वर चढतो. आधी झपाट्यानं, मग मिलिव्होल्ट-मिलिव्होल्टनं, आणि तासाभरानं वाटतं की आता थांबला. पण नोंद पाहिली तर तो अजून चढतच असतो. जिथं तो खरोखर थांबतो तोच आकडा तक्त्याच्या तळाशी लागतो.

विदर्भात ही चाचणी कधी करायची याचाही विचार हवा. ती खोलीच्या तापमानाला, २५ अंशांच्या आसपास करायची असते. एप्रिल-मेमध्ये माझ्या टिनाच्या दुकानात दुपारी काय तापमान असतं ते इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. मी हे काम दिवाळीनंतर काढते, तेव्हा रात्री खोली बऱ्यापैकी स्थिर राहते. आणि लॉगिंगचा संगणक इन्व्हर्टरवर. मध्येच लाइन गेली आणि नोंद तुटली की सगळं पहिल्यापासून.

आता बोर्डाकडं. आयडी मिळाला की तो संगणकावरच्या बॅटरी मॅनेजमेंट स्टुडिओ या फुकट सॉफ्टवेअरमधून चिपमध्ये भरायचा. त्यासाठी ईव्ही२४०० नावाचा यूएसबीचा डबा लागतो, आणि या सगळ्या प्रकरणात महाग पडतो तो हाच. बोर्डाच्या कितीतरी पट किंमत. एक-दोन बॅटऱ्यांसाठी तो घेणं परवडणार नाही. माझ्यासारखं दुकान असेल, किंवा दोन-चार दुकानांनी मिळून घेतला, तर परवडतो. त्यानंतर सेलची संख्या, क्षमता, कोणत्या व्होल्टेजला बॅटरी संपली म्हणायचं ते, आणि चार्ज पूर्ण झाला म्हणायचा करंट, हे सगळं भरायचं. मग चांगल्या मीटरनं व्होल्टेज आणि करंट जुळवून घ्यायचे. फॉस्फेटसाठी हे जुळवणं मन लावून करा. जिथं पन्नास-साठ टक्क्यांचा पसारा पाव व्होल्टात मावतो, तिथं मोजण्यातली थोडी चूकही टक्क्यांमध्ये मोठी होते.

हे झालं की शिकवणीचं चक्र. पूर्ण रिकामी करून पाच तास आराम, पूर्ण भरून दोन तास आराम, पुन्हा पूर्ण रिकामी करून पाच तास आराम. सॉफ्टवेअरमध्ये शिकण्याची स्थिती ४ वरून ५ वर आणि ५ वरून ६ वर गेलेली दिसली की चिपला या बॅटरीची खरी क्षमता आणि रोध कळले. आयडी याच्या आधी भरायचा, नंतर नाही. नंतर बदलला तर शिकलेलं सगळं पुसलं जातं. एकदा एका पॅकवर हे नीट झालं की चिपमधलं हे सगळं फाइलमध्ये काढून तीच फाइल त्याच सेलच्या, त्याच मांडणीच्या दुसऱ्या पॅकवर चढवता येते. त्यामुळं पहिल्या पॅकला जो वेळ जातो तो पुढच्यांना जात नाही.

वावरात बसवल्यावर काय फरक पडला? पंपाच्या बॅटऱ्या, म्हणजे तीन सेलच्या एनएमसीच्या, यांच्यात तो लगेच दिसला. कारखान्याच्या तक्त्यावर बोर्ड तीसच्या आसपास टक्के दाखवत असताना पंप बंद पडायचा. चाचणीतून आलेला आयडी भरून शिकवणी केल्यावर आकडा शेवटपर्यंत सरळ उतरतो, आणि फवारणी करणाऱ्याला कळतं की आणखी एक टाकी निघेल की नाही. औषध कालवून ठेवलेलं असताना पंप अर्ध्यात बंद पडणं म्हणजे काय ते ज्यानं फवारा मारला आहे त्यालाच माहीत.

झटका मशीनवर मात्र एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. चिप आपला हिशेब व्होल्टेजवरून ताडते ती बॅटरी खरोखर आराम करत असली तरच, व्होल्टेज सेकंदाला ४ मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी हलत असलं तरच. आमच्या वावरातली बॅटरी आराम करतच नाही. रात्रभर मशीन ठोके देतं, उजाडलं की पॅनेल भरायला लागतं. त्यात फॉस्फेट मधल्या सपाट पट्ट्यात असताना नव्यानं क्षमता शिकायची नाही, असा चिपचा नियमच आहे, आणि तो योग्य आहे. म्हणजे महिनोन्‌महिने ती फक्त करंटच्या हिशेबावर चालते, आणि छोटी-छोटी चूक साठत जाते. यावर इलाज आहे. ज्या दिवशी कडक ऊन पडून बॅटरी पूर्ण भरते त्या दिवशी चिपला चार्ज पूर्ण झाल्याचं कळतं आणि आकडा शंभरावर येऊन बसतो. पावसाळ्यात, ढगाळ हवेत पॅनेलवर ती भरतच नाही, तेव्हा मधूनमधून बॅटरी घरी आणून चार्जरवर पूर्ण भरा आणि काही तास नुसती ठेवा. माझ्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगते. चिप स्वतःच्या आकड्यात किती टक्के चूक असू शकते तेही सांगते, त्याला मॅक्स एरर म्हणतात. मी जोडलेल्या छोट्या डिस्प्लेवर बटण दाबलं की दोन्ही आकडे येतात. तो दुसरा आकडा वाढत गेला की बॅटरी घरी आणायची वेळ झाली. गावातले एक काका संध्याकाळी बटण दाबून पाहतात आणि मगच निघतात. चाळीसच्या खाली असलं तर दुसरी भरलेली बॅटरी जोडून जातात. त्यांच्या तुरीचं कुंपण या हंगामात रात्री मेलं नाही.

तापमानाचा सेन्सर बोर्डासोबत वायरवर येतो. तो बोर्डाजवळ लोंबकळत ठेवू नका, सेलच्या अंगाला चिकटवून वरून टेप मारा. चिपला सेलचं तापमान हवं असतं, डब्यातल्या हवेचं नाही. आणि लिथियम सेल साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. पॅनेलखाली लोखंडी डब्यात ठेवलेली बॅटरी मे महिन्यात याच्या पुढं सहज जाते. सेन्सर नीट बसवल्यामुळंच मला हे दिसलं, आणि तेव्हापासून मी डबे पॅनेलपासून खाली, झाडाच्या किंवा गवताच्या छपराच्या सावलीत ठेवायला सांगते.

आता बोर्डातल्या उणिवा. माझ्याकडं आलेल्या बोर्डासोबत कागदाचा एक चिटोराही नव्हता. शंट किती ओहमचा आहे हे त्यावरच्या बारीक आकड्यांवरून ओळखावं लागलं. वायरचे स्क्रू लहान आहेत, जाड वायर त्यात नीट बसत नाही, आणि सैल जोड राहिला तर करंटची मोजणी बिघडते. मी वायर सरळ सोल्डर करते. बोर्डावर वॉर्निश नाही. आमच्याकडं डब्यात मुंग्या घर करतात, पावसाळ्यात ओल येते, त्यामुळं प्रोग्रामिंग झाल्यावर पिना झाकून वॉर्निशचा हात मारणं गरजेचं आहे. चार एलईडीची पट्टी दिली आहे, पण तिचा एकेक दिवा पंचवीस टक्क्यांचा. एवढी मेहनत करून नेमका आकडा काढल्यावर तो चार दिव्यांत गुंडाळणं मला पटत नाही. डिस्प्ले जोडाच. चिपचा आय-टू-सी (दोन वायरवरून माहिती देण्याची पद्धत) पत्ता 0x55 आहे, कुठल्याही साध्या मायक्रोकंट्रोलरनं, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या चिपनं, वाचता येते.

स्वस्तातले दुसरे गेज घ्यावेत का, असंही लोक विचारतात. एका सेलसाठी बीक्यू२७४४१ असलेले छोटे बोर्ड सहज मिळतात. त्यात तक्ता चिपमध्येच पक्का असतो: एका प्रकारात ४.२ व्होल्टचा, दुसऱ्यात ४.३५ चा. मोबाइलसारख्या एका सेलच्या वस्तूला छान. फॉस्फेटला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तक्ता बदलताच येत नाही. ज्यांच्याकडं एकच झटका मशीन आहे आणि हे सगळं करायचं नाही त्यांनी शंटवाला साधा एएच मीटर घ्यावा. तो केमिस्ट्री विचारत नाही, फक्त आत-बाहेर गेलेला करंट मोजतो. क्षमता तुम्ही भरायची, आणि बॅटरी पूर्ण भरली की त्याला शंभरावर आणायचं. बॅटरी जुनी होऊन क्षमता घटली की ते त्याला आपोआप कळत नाही, दर हंगामाला पुन्हा मोजून भरावी लागते. तरी हिरव्या दिव्यापेक्षा तो कितीतरी खरा. चार्जरसाठी केमिस्ट्री ओळखणं मात्र तिथंही सुटत नाही.

माझ्याकडून बोर्डाला पाचपैकी चार. एक कापला तो स्क्रू, वॉर्निश आणि कागद नसण्याबद्दल, चिपबद्दल नाही.

माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक पॅकवर मी आता पेंटच्या मार्करनं लिहून देते: फॉस्फेट की एनएमसी, किती सेल, चार्जर किती व्होल्टचा, मोजून आलेली क्षमता, आणि गेज बसवलं असेल तर भरलेला आयडी. उद्या ती बॅटरी वणीला किंवा घाटंजीला दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेली तर त्याला पुन्हा सेलचं आवरण चिरायला लागू नये. पॅक बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी एवढ्या पाच गोष्टी लेबलवर छापाव्यात अशी माझी मागणी आहे. "लिथियम" एवढंच छापून बॅटरी शेतकऱ्याच्या हातात देऊ नका.